विश्लेषण : भीतीचा पुरावा कसा गोळा करतात? न्यू यॉर्कमधील स्थलांतरितांचे संशोधन काय सांगते?

एप्रिल २००८ मध्ये न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजमधील मुस्लीम विद्यार्थ्यांचा एक गट राफ्टिंगच्या सहलीला गेला होता. सोबत आलेल्यांपैकी एक जण साध्या वेशातील पोलीस होता. सहलीला कोण कोण आले, दिवसातून किती वेळा नमाज पढली गेली, याची नोंद शहर पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागाच्या कागदपत्रांत झाली. या विद्यार्थ्यांनी काही गैर केल्याचा उल्लेख मात्र त्यात नव्हता. हे सारे उघड झाले ते जवळपास चार वर्षांनी, २०१२ मध्ये. अटक नाही, मारहाण नाही, दंड नाही. मग या मुलांचे नेमके नुकसान काय झाले? असाच प्रश्न पुढे न्यायालयातही उपस्थित झाला. त्याचे उत्तर सरकारी दफ्तरात सापडणारे नव्हते. ते शोधण्यासाठी स्थलांतरितांच्या संघटना, वकील आणि विद्यापीठांनी वस्त्यांमध्ये जाऊन लोकांचे अनुभव नोंदवले. अमेरिकेत परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा नियम २०२५ मध्ये पुन्हा लागू झाल्याने या प्रयत्नांकडे नव्याने पाहावे लागत आहे.

पार्श्वभूमी काय?

११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकी सरकारने २००२ मध्ये परदेशी नागरिकांसाठी एक विशेष नोंदणी कार्यक्रम सुरू केला. ‘एनसीअर्स’ या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. २५ देशांतून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या १६ वर्षांवरील पुरुषांनी स्थलांतर कार्यालयात हजर व्हायचे, बोटांचे ठसे द्यायचे आणि चौकशीला सामोरे जायचे, असे त्याचे स्वरूप होते. यादीत उत्तर कोरिया होता. बाकीचे देश बहुतांश मुस्लीमबहुल होते. पाकिस्तान आणि बांगलादेशचा त्यात समावेश होता, भारताचा नव्हता. देशांतर्गत मोहिमेत सुमारे ८३ हजार जणांनी नोंदणी केली. नियम पाळण्यासाठी जे स्वत:हून कार्यालयात गेले, त्यांच्यातील १३ हजारांहून अधिक जणांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. डिसेंबर २००२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात नोंदणीसाठी आलेल्या शेकडो इराणींना ताब्यात घेण्यात आले. या नोंदणीतून दहशतवादाच्या गुन्ह्यात कुणाला शिक्षा झाल्याचे मात्र समोर आले नाही. ब्रुकलिनमधील कोनी आयलंड अ‍ॅव्हेन्यू या पाकिस्तानी वस्तीतून अनेक कुटुंबे घरदार सोडून कॅनडाच्या वाटेला लागली.

न्यू यॉर्क पोलिसांनी काय केले?

केंद्र सरकारची नोंदणी सुरू असतानाच न्यू यॉर्क पोलिसांनी आपली स्वतंत्र व्यवस्था उभी केली. ‘सीआयए’मधून निवृत्त झालेले डेव्हिड कोहेन २००२ मध्ये पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या काळात ‘डेमोग्राफिक्स युनिट’ तयार झाले. त्या-त्या भाषा जाणणारे पोलीस चहाच्या दुकानांत, उपाहारगृहांत, पुस्तकांच्या दुकानांत जाऊन बसत. दुकान कोणत्या देशाच्या माणसाचे आहे, गिऱ्हाईक कोण, गप्पा कशाच्या चालतात, याची टिपणे काढत. मशिदींत खबरे पेरले गेले. लक्ष ठेवण्याजोगे २८ वंशगट ठरवले गेले. कृष्णवर्णीय अमेरिकी मुस्लिमांनाही त्यांच्या जोडीला बसवण्यात आले. ऑगस्ट २०११ पासून ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेने कागदपत्रांच्या आधारे ही कार्यपद्धती उघडकीस आणली. त्या वृत्तमालिकेला २०१२ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला.

जून २०१२ मध्ये गुप्तवार्ता विभागातील वरिष्ठ अधिकारी थॉमस गलाटी यांनी शपथेवर दिलेल्या जबाबात मान्य केले, की २००६ पासूनच्या आपल्या कार्यकाळात या युनिटच्या अहवालांतून एकही तपास सुरू झालेला नाही. एखाद्या ठिकाणी उर्दू बोलली जाते, एवढी गोष्टही विभागाला नोंदवण्याजोगी वाटत होती, हेही त्याच जबाबातून दिसले.

नुकसान सिद्ध करणे अवघड का?

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने भाषण, धर्म आणि एकत्र येण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. पण न्यायालयात दाद मागायची तर प्रत्यक्ष इजा दाखवावी लागते. लष्कराने नागरिकांवर ठेवलेल्या पाळतीविषयीच्या ‘लेअर्ड विरुद्ध टेटम’ या खटल्यात १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकार पाळत ठेवते एवढ्या कारणाने मनात दडपण आले, हे दाद मागण्यास पुरेसे नाही. न्यू जर्सीतील मुस्लीम रहिवासी, मशिदी आणि व्यावसायिकांनी २०१२ मध्ये दाखल केलेला ‘हसन विरुद्ध न्यू यॉर्क शहर’ हा खटला फेब्रुवारी २०१४ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने फेटाळला. पाळतीमुळे इजा झालेली नाही. झाली असेल तर वृत्तसंस्थेने गुप्त कागद छापल्यामुळे झाली, असा त्या निकालाचा सूर होता.

अडचण इथेच आहे. मशिदीत जाणे बंद केलेल्या माणसाची नोंद कुठेच होत नाही. न झालेली सभा, न काढलेला मोर्चा, वर्गात न विचारलेला प्रश्न यांची आकडेवारी कोणतेही खाते ठेवत नाही. अत्याचाराचा पंचनामा होतो, दडपणाचा होत नाही. तो करायचा तर ज्यांच्यावर दडपण आहे त्यांनाच विचारावे लागते.

लोकसहभागी संशोधन म्हणजे काय?

नेहमीच्या संशोधनात प्रश्न विद्यापीठात ठरतो, माहिती वस्तीतून गोळा होते आणि निष्कर्ष पुन्हा विद्यापीठात जातो. लोकसहभागी किंवा समुदायाधारित संशोधनात ज्यांचा प्रश्न आहे ते लोक सुरुवातीपासून सामील असतात. काय विचारायचे, कोणत्या भाषेत विचारायचे, कोण विचारणार, मिळालेल्या माहितीचा अर्थ काय लावायचा आणि ती कुठे मांडायची, हे ते संशोधकांबरोबर बसून ठरवतात. विद्यापीठातील माणसे नमुना निवड, प्रश्नावलीची तपासणी, विश्लेषण यासाठी मदत करतात.

या विचाराची पायाभरणी कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा आणि ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांच्या नावाने सांगितली जाते. तिच्यातला एक महत्त्वाचा दगड मात्र महाराष्ट्रातला आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर तालुक्यात काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली भूमिसेनेने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी, वेठबिगारी आणि किमान मजुरीचे लढे उभारले. त्या अनुभवावर जी. व्ही. एस. डी सिल्वा, निरंजन मेहता, अनिसुर रहमान आणि पोन्ना विघ्नराजा यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रातील लेखनात वारंवार येतो. आपल्या परिस्थितीचे ज्ञान लोक स्वत: मिळवू शकतात आणि त्यातूनच त्यांची ताकद वाढते, हा त्यातला मुद्दा होता. बांगलादेशी अर्थतज्ज्ञ असलेले रहमान पुढे फाल्स बोर्दा यांच्यासोबत या पद्धतीचे प्रमुख भाष्यकार झाले.

घाबरलेल्यांना प्रश्न विचारायचे कसे?

न्यू यॉर्कमध्ये या पद्धतीची खरी परीक्षा होती. ज्या वस्तीत खबरे पेरलेले आहेत, तिथे वही-पेन घेऊन फिरणारा माणूस आणि पोलिसांचा माणूस यांच्यात फरक कसा करायचा? ओळख वाढवणारा, राजकारणावर मत विचारणारा, घरच्यांची चौकशी करणारा प्रत्येक नवा चेहरा लोकांना संशयास्पद वाटू लागला होता. संशोधकही नेमके हेच करतो.

म्हणून अशा कामात ओळखीच्या संस्थांमार्फतच लोकांपर्यंत पोहोचतात. क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स येथे २००० पासून काम करणारी ‘ड्रम’ ही दक्षिण आशियाई कष्टकऱ्यांची संघटना किंवा न्यू यॉर्क सिटी विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयातील ‘क्लिअर’ हे मोफत कायदेशीर मदत केंद्र ही त्याची उदाहरणे. पोलीस चौकशीला आले तर सोबत वकील देणारी संस्था प्रश्न विचारते, तेव्हा लोक बोलायला तयार होतात. नाव, पत्ता, व्हिसाची स्थिती शक्यतो लिहूनच घेत नाहीत. माहिती कुणाच्या हाती पडू शकते, हे आधी सांगितले जाते. कोणत्याही प्रश्नाला नकार देता येतो. मुलाखत बंगाली, उर्दू, पंजाबी, अरबी अशी ज्याच्या-त्याच्या भाषेत घेण्याचा प्रयत्न असतो, कारण दुभाष्याच्या तोंडून भीती नीट पोहोचत नाही.

संशोधकाने दिलेला गुप्ततेचा शब्द कायद्यापुढे नेहमीच टिकतो असेही नाही. उत्तर आयर्लंडमधील माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती बोस्टन कॉलेजने जतन केल्या होत्या. २०११ मध्ये ब्रिटिश तपास यंत्रणांच्या विनंतीवरून अमेरिकी न्यायालयामार्फत त्यांची मागणी झाली आणि त्यातील काही मुलाखती सोपवाव्या लागल्या. तेव्हापासून जी माहिती लागणार नाही ती गोळाच करायची नाही, या पथ्याकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाते.

अभ्यासात काय आढळले?

मार्च २०१३ मध्ये ‘क्लिअर’, मुस्लीम नागरी स्वातंत्र्य संघटनांची आघाडी आणि आशियाई अमेरिकी लोकांसाठी काम करणारी एक कायदेशीर मदत संस्था यांनी ‘मॅपिंग मुस्लिम्स’ हा अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी ५७ जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांत विद्यार्थी होते, धार्मिक नेते होते, कार्यकर्ते होते.

मशिदीत नवा माणूस आला की आनंद होण्याऐवजी संशय येऊ लागला होता. इमाम प्रवचनातील शब्द तोलून-मापून वापरत होते, तरुणांच्या अडचणींवर मोकळेपणाने बोलायला कचरत होते. दाढी राखावी का, हिजाब घालावा का, हे ठरवताना पोलिसांच्या नजरेचा विचार होत होता. मुलांनी विद्यार्थी संघटनेत जाऊ नये, असे पालक सांगत होते. एका महाविद्यालयात मुस्लीम विद्यार्थी संघटनेच्या खोलीत राजकीय चर्चा टाळण्याची सूचना लावली गेली होती. सर्वांत गंभीर बाब म्हणजे अडचणीच्या वेळी पोलिसांकडे जायलाच लोक कचरत होते. म्हणजे ज्या माहितीसाठी ही पाळत होती, तिचा ओघ त्या पाळतीनेच आटत होता.

एकाच चहाच्या दुकानाबद्दल इथे दोन टिपणे तयार झाली. पोलिसांच्या टिपणात मालकाचा देश आणि गिऱ्हाइकांची भाषा होती. संशोधकांच्या टिपणात तिथे गप्पा बंद का झाल्या, हे होते.

पोलिसांची बाजू काय होती?

महापौर मायकेल ब्लूमबर्ग आणि पोलीस आयुक्त रे केली यांनी या कार्यपद्धतीचे ठाम समर्थन केले. ज्या शहराने ११ सप्टेंबर पाहिला त्याला गाफील राहणे परवडणारे नाही, धागेदोरे जिथे नेतील तिथे पोलीस जातात आणि सारे काही कायद्याच्या चौकटीत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मे २०१० मध्ये टाइम्स स्क्वेअरमध्ये मोटारबॉम्बचा कट थोडक्यात फसला होता, त्यामुळे धोका काल्पनिक होता असे म्हणता येत नाही. वाद धोका आहे की नाही हा नव्हताच. संशयित व्यक्तीऐवजी संपूर्ण समाजावर नजर ठेवावी का, हा होता. राजकीय हालचालींच्या तपासावर मर्यादा घालणारी ‘हँडशू’ नियमावली १९८५ पासून न्यू यॉर्क पोलिसांना लागू होती. २००३ मध्ये ती पोलिसांच्या मागणीवरून शिथिल करण्यात आली होती.

परिणाम काय झाला?

कोणताही एक अहवाल कायदा बदलत नाही. वृत्तमालिका, खटले, मोर्चे आणि संशोधन यांचा दाब एकत्र वाढत गेला. ऑगस्ट २०१३ मध्ये शहर परिषदेने महापौरांचा नकाराधिकार डावलून दोन कायदे केले. एकाने वंश, धर्म, स्थलांतराचा दर्जा अशा आधारांवर होणाऱ्या भेदभावाविरुद्ध दाद मागणे सोपे झाले. दुसऱ्याने पोलिसांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र महानिरीक्षक नेमला गेला. एप्रिल २०१४ मध्ये नव्या प्रशासनाने ते पाळत युनिट बंद केले. ऑक्टोबर २०१५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ‘हसन’ खटला पुन्हा जिवंत केला. केवळ धर्मामुळे संशयित ठरवले जाणे ही स्वत:च इजा आहे, असे सांगताना न्यायालयाने दुसऱ्या महायुद्धातील जपानी अमेरिकी नागरिकांच्या अनुभवाची आठवण करून दिली.

महानिरीक्षक कार्यालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये राजकीय हालचालींच्या तपासांची पाहणी जाहीर केली. तपासलेल्या प्रकरणांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक प्रकरणे मुस्लिमांशी किंवा इस्लामशी संबंधित होती आणि निम्म्याहून अधिक वेळा मुदत संपल्यावरही तपास चालू होता, असे त्यात आढळले. दोनच महिन्यांनी न्यायाधीश चार्ल्स हेट यांनी या अहवालाचा हवाला देत पोलिस आणि नागरिकांतील प्रस्तावित तडजोड अपुरी ठरवली. मार्च २०१७ मध्ये सुधारित तडजोड मंजूर झाली. तपासांवर लक्ष ठेवणारा नागरी प्रतिनिधी आणि तपासाची कालमर्यादा या अटी तिच्यात आल्या. ‘हसन’ खटला २०१८ मध्ये समझोत्याने संपला. फिर्यादींना सुमारे ७५ हजार डॉलर मिळाले, मात्र शहराने चूक मान्य केली नाही.

अन्य क्षेत्रांतही या पद्धतीचा उपयोग झाला. फेटा बांधणाऱ्या शीख मुलांना शाळांत होणाऱ्या त्रासाचे सर्वेक्षण ‘शीख कोअ‍ॅलिशन’ने २००७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कच्या शाळांसाठी द्वेषातून होणाऱ्या छळाविरुद्ध स्वतंत्र नियम आला. स्थलांतरित घरकामगार महिलांच्या संघटनेने २००६ मध्ये ५४७ जणींचे सर्वेक्षण मांडले. २०१० मध्ये न्यू यॉर्क राज्याने घरकामगारांच्या हक्कांचा कायदा केला. अमेरिकेतील तो अशा प्रकारचा पहिला कायदा होता.

मर्यादा कोणत्या?

५७ मुलाखतींवरून शहरातील सगळ्या मुस्लिमांविषयी टक्केवारी काढता येत नाही. सर्वाधिक घाबरलेली माणसे मुलाखत देतच नाहीत, तर सर्वाधिक संतापलेली आवर्जून देतात. अभ्यास करणारी संस्थाच मागण्याही मांडत असेल, तर निष्कर्ष आधी ठरले होते का, अशी शंका विरोधक घेतात. तिला उत्तर एकच, पद्धत उघड ठेवणे. किती जणांशी बोलणे झाले, कुणी नकार दिला, प्रश्न काय होते, हे सांगितले तर वाचक स्वत: वजन ठरवू शकतो. आणखी एक ओझे लोकांवर पडते. आपला अपमान पुन:पुन्हा सांगण्याचे काम त्यांच्या वाट्याला येते आणि बदल झाला तरी तो अनेकदा पुढच्या पिढीला दिसतो.

आता चर्चा कशासाठी?

‘एनसीअर्स’ २०११ मध्ये थांबवण्यात आले आणि त्याचा नियम डिसेंबर २०१६ मध्ये रद्द झाला. मात्र ११ एप्रिल २०२५ पासून अमेरिकेने १९४० च्या कायद्याच्या आधारे नवा नोंदणी नियम लागू केला. १४ वर्षांवरील आणि ३० दिवस किंवा अधिक राहणाऱ्या, यापूर्वी नोंद न झालेल्या परदेशी नागरिकांनी नोंदणी करून बोटांचे ठसे द्यायचे आहेत. व्हिसावर रीतसर गेलेल्यांची नोंद झालेली मानली जाते. तरीही १८ वर्षांवरील प्रत्येकाने त्याचा पुरावा सतत जवळ बाळगणे बंधनकारक आहे. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ही अट लागू होते. त्याच महिन्यात स्थलांतर विभागाला करदात्यांची माहिती देण्याबाबत करार झाला आणि त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले. सरकारला एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्याच कामासाठी वापरली जाईल, ही धास्ती त्यामुळे वाढली आहे.

नोंदणी नियमाला स्थगिती द्यावी, ही स्थलांतरितांच्या संघटनांची मागणी १० एप्रिल २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या न्यायालयाने फेटाळली. नियमाच्या वैधतेचा अंतिम निवाडा तेव्हा झाला नाही. या संघटनांना स्वत:ला ठोस इजा होत असल्याचे दिसत नाही, त्यामुळे त्यांना दाद मागता येईल असे वाटत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०१४ मध्ये न्यू जर्सीतील फिर्यादींना जे ऐकावे लागले, जवळपास तेच. नियम लागू झाल्यावर कोण दवाखान्यात जायचे थांबले, कुणी मजुरी बुडूनही तक्रार केली नाही, कोणत्या मुलाची शाळा सुटली, हे पुन्हा एकदा दारोदारी जाऊन लिहून काढावे लागणार आहे. या वेळी मात्र उत्तर देणाऱ्याचे नाव त्या वहीत नसेल, याची काळजी पहिल्या पानापासून घ्यावी लागेल.